मिठाच्या पाण्यातली चावी

एबो क्वान्साची गाडी मी खाल्ली, असं समुद्रकाठच्या आमच्या सेकोंदीत अजून म्हणतात. मी म्हणजे अज्वा मावशी, टॅक्सी स्टँडच्या तोंडाशी एकवीस वर्षं केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकणारी बाई. नवरा समुद्राने नेला, मूलबाळ नाही, तोंड फाटकं. चेटकीण ठरायला आमच्याकडे एवढं भांडवल पुरतं. म्हणोत बापडे. पण ती गाडी कशाने मेली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि ज्याने ते चारचौघांत सांगायला हवं होतं त्याने सांगितलं नाही, म्हणून मी सांगते.

एबो आणि मी एकाच घरात भाडेकरू. मधे अंगण, भोवती नऊ खोल्या, सगळ्यांना मिळून एक नळ. कोणाकडे काय शिजतंय आणि कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. एबो उंच, किडकिडीत, स्वभावाने गरीब. स्टँडवरचे ड्रायव्हर त्याला वकीलसाहेब म्हणायचे, कारण तो रोज पांढरा शर्ट घालायचा, तोही कडक इस्त्रीचा. मी एकदा म्हटलं, "अरे, धुळीच्या धंद्यात पांढरं कसलं घालतोस?" तर म्हणाला, "मावशी, गिऱ्हाईक मागे बसतं. त्याला सगळा रस्ता माझी कॉलरच दिसते. ती तरी बरी दिसू दे." बाप कोळी, आजा कोळी, आणि ह्याला पाण्याची भीती. गुडघाभर लाटेतही उभा राहायचा नाही. म्हणून ड्रायव्हर झाला.

चौदा वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. गाडी मालकाची. ड्रायव्हरने रोज संध्याकाळी ठरलेली रक्कम मालकाच्या दारात नेऊन द्यायची, वर उरेल ते आपलं. चाक बसो, ताप येवो, रस्ता बंद असो, मालकाचा आकडा काही हलत नाही. आणि मालकाच्या मनात आलं की हात पुढे करून चावी मागणार. एबोकडून पाच मालकांनी अशी चावी मागून घेतली. एकाचा भाचा गावाहून आला होता, एकाला एबो फार सावकाश चालवतो असं वाटलं, एकाने तर कारणही सांगितलं नाही. मागच्या काचेवर काय लिहायचं तेही मालकच ठरवणार. एक अख्खं वर्ष एबो "माझे शत्रू कुठे गेले?" असं पाठीवर घेऊन फिरला. ह्या माणसाला जन्मात एक शत्रू नव्हता. आम्ही पोट धरून हसायचो.

मग मार्चमध्ये त्याची स्वतःची गाडी आली. कॅनडात नऊ वर्षं चाललेली, खालून बर्फाने गंज धरलेली, पण इंजिन खणखणीत. चौदा वर्षांची भिशी तिच्यात गेली, बायकोच्या शिवणाचे पैसे गेले. स्टँडवर आणली तेव्हा मी केंकीचं पातेलं तसंच सोडून बघायला गेले. गाडी चालू करायला चावी फिरवायची नव्हती. चावी खिशात ठेवायची, ब्रेकवर पाय द्यायचा आणि बटण दाबायचं. चावी म्हणजे नुसता काळा, मुठीत मावणारा तुकडा, त्याला बाहेरून पातंच दिसत नाही. ड्रायव्हर मंडळी म्हणाली, "वकीलसाहेब, ही काय चावी? ही तर साबणाची वडी." एबो हसला आणि ती वडी शर्टाच्या खिशात घालून वर बटण लावलं.

चावी एकच होती. एबोने दलालाला दुसरी विचारली होती. दलाल म्हणाला, "ती कॅनडात राहिली. हवी तर जाऊन घेऊन ये." आमच्या स्टँडवर इस्सा नावाचा चाव्या बनवणारा बसतो, माझ्या पातेल्यापासून दहा पावलांवर. तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "दादा, चालती चावी हातात आहे तोवर दुसरी करून घे. अडीच हजार सेडीत काम होईल. ही गेली की मग मला विचारू नकोस, राजधानीत, अक्राच्या शोरूमला विचार." एबो म्हणाला, पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात टायर आले. त्याच्या पुढच्या महिन्यात विमा आला, मग टॅक्सीला लागतात ते गाडीचे पिवळे कोपरे रंगवायचे आले. अडीच हजार काही जमले नाहीत. मागच्या काचेवरही त्याने काही लिहिलं नाही. विचारलं की म्हणायचा, "चौदा वर्षं दुसऱ्याचं वाचलंय मावशी, माझं घाईत नाही लिहिणार."

आता त्याच्या बायकोचं सांगते. अराबा. शिवणकाम करायची, हातात सुई अशी की फाटलेलं कुठे होतं ते सापडू नये. आदल्या वर्षी सातव्या महिन्यात तिचं मूल गेलं. त्याच्याआधीही एक गेलेलं. ह्या वेळी मात्र ती भिंतीकडे तोंड करून झोपली ती तीन महिने उठलीच नाही. एबो धंद्यावरून यायचा, तिला भरवायचा, तिचे केस विंचरायचा, आणि अंगणात येऊन नुसता बसून राहायचा. तिला उठवलं ते ती पहिल्यापासून जायची त्या विजयी हात प्रार्थनामंदिरातल्या बायकांनी. रोज चौघी यायच्या, गायच्या, तिला न्हाऊ घालायच्या. एक दिवस ती उठली आणि मशीन पुसलं. त्या बायकांना मी कधीही वाईट बोलणार नाही. त्यांच्या संदेष्ट्याचं, म्हणजे त्या मंदिराच्या मुख्याचं, मी सांगत नाही, तो वेगळा.

त्या मंदिरात दर ऑगस्टमध्ये हत्यारांचा आठवडा असतो. ज्याचं पोट ज्या वस्तूवर, ती वस्तू तीन दिवस मंतरलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवायची. शिंपिणीची कात्री, न्हाव्याचा वस्तरा, शेतकऱ्याचा कोयता, ड्रायव्हरची चावी. अराबा दर वर्षी एबोच्या मालकाची चावी एक रात्र तरी बुडवायचीच. लोखंडाची चावी, पुसली की पहिल्यासारखी. कोणाचं काही बिघडलं नाही कधी.

त्या ऑगस्टमध्ये एबोचा मामा वारला. आईच्या गावी अंत्यविधी, रस्ता खड्ड्यांचा, म्हणून त्याने गाडी घरीच ठेवली आणि भावकीच्या बसने शुक्रवारी सकाळी गेला. जाताना चावी अराबाच्या हातात दिली. म्हणाला, "उन्हात ठेवू नकोस, आणि पाडू नकोस." बिचारा एवढंच म्हणाला.

त्याच दुपारी अराबाने मला तिच्या खोलीत बोलावलं. खाटेखाली पांढरं इनॅमलचं भांडं होतं, त्यात पाणी, पाण्यात कात्री, अंगुस्तान आणि ती काळी चावी. अराबाचा चेहरा किती उजळला होता म्हणून सांगू. म्हणाली, "मावशी, आत्तापर्यंत दुसऱ्यांच्या चाव्यांसाठी प्रार्थना केली. ही आमची आहे. ह्या वेळी पूर्ण तीन दिवस ठेवणार." मी वाकून पाहिलं आणि आमेन म्हटलं. हो, मीही म्हटलं. केंकी विकणाऱ्या बाईला काय ठाऊक की त्या वडीच्या पोटात काय असतं? पण मी पाहिलं होतं आणि मला कळलं नाही, हे मात्र माझ्या जिवाला अजून लागतं.

रविवारी संध्याकाळी तिने चावी काढली, नव्या पांढऱ्या रुमालाने पुसली आणि खिळ्याला लावली. एबो रात्री गावाहून परतला. सोमवारी सकाळी त्याने गाडीचं दार ओढलं, ते उघडेना. बटण दाबलं, काही नाही. चावीच्या आत एक बारीक पातं असतं, ते काढून त्याने दार कसंबसं उघडलं, आत बसला, ब्रेकवर पाय दिला, बटण दाबलं. गाडी गप्प. तो चालत स्टँडवर आला आणि इस्सापुढे चावी ठेवली. "सेल संपला असेल," म्हणाला.

इस्साने नवा सेल घातला. मग तो एबोबरोबर घरापर्यंत चालत गेला, कारण म्हणे सेल मेलेला असला तरी चावी बटणाला टेकवून धरली तर गाडी ओळखते. टेकवून धरली. ओळखलं नाही. दोघं परत आले तेव्हा इस्साने चावीचं पोट नीट उघडलं. मी हात पुसत तिथे उभी होते. आतल्या हिरव्या पट्टीवर पांढरी-निळी बुरशी चढली होती, तारा खाऊन टाकलेल्या. इस्साने बोट लावलं, जिभेवर ठेवलं. "मीठ," म्हणाला. "दादा, ही समुद्रात पडली होती का?"

एबोने माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं कोण जाणे, पण मी मान खाली घातली आणि त्याला कळलं.

दुपारी तो घरी गेला. त्याने अराबाला फक्त विचारलं की चावी पाण्यात पडली होती का. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "पडेल कशी? मंतरलेल्या पाण्यात होती. का रे?" त्याने तिच्या हातातला चिमटा घेतला, शर्ट दोरीला लावला आणि म्हणाला, "काही नाही. सेल गेलाय."

तासाभराने तो माझ्याकडे आला. पातेल्याच्या मागे, धुरात, दगडावर बसला. "मावशी, तिला सांगू नकोस."

"न सांगून कसं चालेल? पुढच्या वर्षी पुन्हा बुडवेल."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. तिला कळलं की तिच्या हाताने गेली, तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करेल. ह्या वेळी मला तिला उठवता येणार नाही." आणि त्याने माझे हात धरले. त्याचे हात थंड होते. मी म्हटलं, नाही सांगत. शब्द दिला. आज वाटतं, तेव्हाच त्याला एक थोबाडीत द्यायला हवी होती.

अक्राच्या शोरूमला इस्साने फोन लावून दिला. तिथल्या बाईने गोड आवाजात सांगितलं की एकही चावी चालू नसेल तर गाडी त्यांच्याकडे ओढून आणावी लागेल, चावी परदेशातून मागवावी लागेल, आणि सगळे मिळून अकरा हजार सेडी, ओढून आणायचे वेगळे. एबोने फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं. "एवढ्याशा तुकड्याचे अकरा हजार," म्हणाला. "मावशी, माझ्या पहिल्या मालकाची अख्खी गाडी एवढ्याला होती."

त्याच्याकडे अकरा हजार नव्हते. गाडी बंद, म्हणजे रोजची कमाई बंद. तीन आठवडे गाडी अंगणाबाहेर उभी. एबो रोज सकाळी पांढरा शर्ट घालून ती पुसायचा. पुसून झाली की जवळच उभा राहायचा, आणि येणारा-जाणारा विचारायचा, "काय वकीलसाहेब, आज सुट्टी?" मग त्याने गावाकडे घरासाठी घेऊन ठेवलेले छपराचे पत्रे विकले. नऊ वर्षांत दोन-दोन करत जमवलेले पत्रे. त्या पैशांत इस्साच्या ओळखीचा एलिकेम नावाचा माणूस अक्राहून आला. काळा चष्मा, लॅपटॉप, गळ्यात वायरी. शोरूमच्या निम्म्यात करून देतो म्हणाला.

तो चार तास गाडीत बसला होता. दुसऱ्या कुठल्या गाडीची जुनी चावी आणली होती, ती ह्या गाडीला शिकवायची, असं काहीतरी. गाडीत चावी ओळखणारी एक पेटी असते, तिच्यात तो लिहीत होता. आणि लिहिता लिहिता गाडीची मोठी बॅटरी बसली. तीन आठवडे उभी असलेली गाडी, बॅटरीत दम कुठून असणार? त्याने ती आधी भरून घ्यायची ना, पण नाही घेतली. मधेच सगळे दिवे गेले. परत आले तेव्हा ती पेटी मेलेली होती. आता नुसती चावी नाही, पेटीही नवी हवी.

एबो म्हणाला, "तुझ्या हातून गेली."

एलिकेम वायरी गुंडाळत म्हणाला, "बॅटरी तुझी कमजोर होती, भाऊ. माझा काय दोष? जाण्यायेण्याचे आणि दिवसाचे तरी दे." आणि एबोने दिले. इस्सा त्याला शिव्या घालत स्टँडच्या टोकापर्यंत मागे गेला, पण एबोने पैसे मोजून दिले होते. असला माणूस तो. मला कधी कधी वाटतं की देवाने त्याला पाठीचा कणा द्यायचाच राहून गेला.

शोरूमने आता चोवीस हजार सांगितले, आणि दोन महिने थांबा म्हणाले.

ऑक्टोबरात अराबा संदेष्ट्याकडे गेली. तिच्या दृष्टीने सरळ होतं: तीन दिवस मंतरलेली चावी, आणि तरी गाडी करणीने बांधली गेली, म्हणजे बांधणारं कोणीतरी जबर आहे. संदेष्ट्याने डोळे मिटले आणि सांगितलं, "तुमच्याच अंगणात एक म्हातारी दिसते. एकटी आहे. तिच्यापुढे आग आहे आणि मका आहे." आता आग आणि मका घेऊन अख्ख्या सेकोंदीत किती बायका बसतात? पण आमच्या अंगणात मी एकटीच.

त्या संध्याकाळी अराबाने उंबऱ्यावर मिठाची रेघ ओढली. मी तिला केंकी द्यायला गेले तर दार लावून घेतलं. आठवडाभरात मंदिरातल्या बायका माझ्यापुढून जाताना पलीकडच्या बाजूने जायला लागल्या. मग ड्रायव्हरही. ज्यांना मी उधारीवर जेवू घातलंय ते माझ्याकडे न बघता पलीकडच्या बाईकडून भात घ्यायला लागले. नव्वद गोळे जायचे तिथे तीस जाईनात. इस्सा तेवढा यायचा. तो खात खात म्हणायचा, "मावशी, मी सांगतो सगळ्यांना. मीठ मी चाखलंय." मी त्याला नको म्हटलं. शब्द दिला होता ना मी, कपाळ माझं.

पण एबोला मी सोडलं नाही. एका सकाळी नळावर गाठलं. "एक वाक्य, एबो. अंगणात उभं राहायचं आणि म्हणायचं, मावशीचा ह्यात काही संबंध नाही. चावीचं नाव काढू नकोस, पाण्याचं काढू नकोस."

"मग ती विचारेल, तुला कसं माहीत. मग मी काय सांगू?"

"काहीही सांग. खोटं सांग."

"मला खोटं बोलता येत नाही, मावशी."

"हे चाललंय ते काय आहे मग?"

 बादलीतून पाणी भरून वाहत होतं, नळ बंद करायचंही त्याला सुचलं नाही. तो म्हणाला, "तू खंबीर आहेस. ती नाही."

"मी खंबीर आहे म्हणून दगड माझ्याच डोक्यावर ठेवायचा का रे?" मी ओरडले, नऊही खोल्यांना ऐकू गेलं असेल. तो तिथेच नळाच्या कट्ट्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. मला त्याचा इतका राग आला होता, आणि तरी मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोन्ही खरं आहे.

नोव्हेंबरात बेन्टसिल साहेब आले. शेजारच्या टाकोराडी शहरात त्यांचं सुट्या भागांचं दुकान, सहा टॅक्सी रस्त्यावर. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला बूट लावून बघितला. "चालू नसलेली गाडी म्हणजे भंगार," म्हणाले. "भंगारापेक्षा जास्त देतो, कारण तू सभ्य माणूस आहेस." जी गाडी एबोने पंच्याण्णव हजारांना घेतली ती अठ्ठावीस हजारांना गेली. एबोने कागदावर सही केली. अराबा दारात उभी होती, तोंडात अंगावरच्या कापडाचा बोळा. तिला वाटत होतं, शत्रू जिंकला. ती माझ्या दाराकडे बघत होती.

बेन्टसिल साहेबांचा भाऊ कॅनडात. तिथे भंगारात गेलेल्या अशाच एका गाडीची पेटी आणि तिची चावी, अशी जोडी त्याने सामानातून पाठवली. बसवली, आणि एका दुपारी गाडी चालू झाली. म्हणजे उपाय होता. फक्त तो एबोला माहीत नव्हता, आणि एबोचा भाऊ कॅनडात नव्हता.

चार दिवसांनी साहेबांनी एबोला बोलावलं. "गाडीला ड्रायव्हर हवा. तिला तुझ्याइतकं कोण ओळखतं? रोजचा आकडा इतरांना आहे तोच." एबोने चावी घेतली. मागच्या काचेवर साहेबांनी आधीच लिहून घेतलं होतं, लाल रंगात: "त्याच्याच कृपेने". एबो चाळीस वर्षांचा, चौदा वर्षांनी स्वतःच्या गाडीत बसला, आठ महिन्यांनी तीच गाडी दुसऱ्याची म्हणून चालवायला लागला. मी त्याला पहिल्या दिवशी पाहिलं. पांढरा शर्ट होता, पण इस्त्री नव्हती.

अराबाला मात्र चमत्कार दिसला. बांधलेली गाडी सुटली होती, दुसऱ्या कोणाच्या हातात न जाता नवऱ्याच्या हातात आली होती. कागद कोणाच्या नावाचा आहे, ह्याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ती गायला लागली, पुन्हा जोरात मशीन चालवायला लागली, गालांवर मांस आलं. मी खोटं का बोलू, मला तिच्याकडे बघून बरंही वाटायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी तिने मंदिरात साक्ष दिली. त्यांचे भोंगे स्टँडच्या दिशेला तोंड करून आहेत, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला. अराबाचा आवाज नाचत होता. तीन महिने गाडी कशी बांधली गेली होती, अंगणातूनच कशी बांधली गेली होती, आणि प्रार्थनेने कशी सुटली. लोक टाळ्या पिटत होते, ढोल वाजत होता. मग संदेष्टा म्हणाला, "नवऱ्यालाही बोलू द्या." आणि माईक एबोच्या हातात गेल्याचा आवाज आला, तो श्वास घेतानाचा खरखराट.

मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि उभी राहिले. इस्साही हातातली कानस ठेवून उभा राहिला. मला वाटलं, आता. देवाच्या घरात उभा आहे, खोटं बोलता येत नाही म्हणतो, आता तरी बोलेल.

"गाडी चालू झाली," एबो म्हणाला. "देवाचे आभार."

"आणि जिने बांधली होती," संदेष्टा म्हणाला, "ती हरली की नाही? सांग भाऊ, मोठ्याने सांग. हरली?"

भोंग्यात नुसता श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "हरली."

ढोल सुरू झाले. इस्सा माझ्याकडे बघत नव्हता.

घरमालकाने त्याच आठवड्यात मला सांगितलं की बाकीचे भाडेकरू तक्रार करताहेत, महिनाअखेर खोली मोकळी केली तर बरं. मी एकवीस वर्षांत त्याचं भाडं एकदाही चुकवलं नव्हतं. मी भांडले नाही. माझी बहीण शामा नावाच्या गावात राहते, तिच्या परड्यात चूल मांडता येईल, एवढाच विचार केला. पातेलं, दोन स्टुलं, कपड्यांचं गाठोडं घेऊन स्टँडवर आले. रांगेतल्या पहिल्या ड्रायव्हरने मला बघून काच वर केली. दुसऱ्याने डोकं हलवलं. तेवढ्यात मागून एबोची गाडी रांग सोडून पुढे आली. तो उतरला, पातेलं उचललं, सामानाच्या जागेत ठेवलं, आणि ते घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना स्टुलं लावली.

गाडी शामाच्या रस्त्याला लागली. मी मागे बसले होते, मला त्याची कॉलर दिसत होती, मळलेली. बहिणीच्या दारात त्याने पातेलं उतरवलं, गाठोडं उतरवलं, आणि तिथेच धुळीत गुडघे टेकले. "मावशी," म्हणाला.

"ऊठ," मी म्हटलं. "भाडं किती झालं?"

"मावशी, नको."

"नको काय? तुझ्याएवढं सामान आणलंय मी. पूर्ण गाडीचं भाडं झालं. आणि संध्याकाळी साहेबाच्या दारात काय नेऊन देशील?"

तो उठला. डोळे पुसले. आकडा सांगितला, आणि मी त्याच्या हातात पैसे मोजून दिले.